रानात जाऊन बोलणारा रब्बी

मैत्रिणींनो, आमच्या माहेरच्या घराशेजारी एक बेने इस्रायली आजी राहायच्या. अलिबाग तालुक्यात ही माणसं पिढ्यान् पिढ्यांची. तेलाचा घाणा चालवायचा त्यांचा जुना व्यवसाय. शनिवारी, त्यांच्या शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद म्हणजे बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आजींचं बोलणं आमच्यासारखंच, साडी आमच्यासारखीच, भाकरीसुद्धा तांदळाचीच. फरक कळायचा तो त्यांच्याकडे मलिदा असला की. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं आणि वर फळांची रास. ती फळं उचलायची तर तशीच तोंडात टाकायची नाहीत. आधी बेराखा म्हणायची, म्हणजे देवाचे आभार मानणारी छोटी प्रार्थना. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून उगवणाऱ्याची वेगळी. केळं कोणत्या बाजूला, यावर माझा नेहमी घोळ व्हायचा. आजी सांगायच्या, केळीला खरं खोड नसतं, ती दरवर्षी नव्याने उगवते, म्हणून केळं जमिनीच्या बाजूला. एवढा बारीक विचार देवाचं नाव घेताना करायचा, याचं मला तेव्हा फार हसू यायचं.

आजी गेल्या. त्यांची मुलं त्याआधीच इस्रायलला गेली होती. काही वर्षांपूर्वी त्यांची नात बंद घर बघायला आली होती. परसात उभी राहून आम्ही दोघी मलिद्याच्या आठवणी काढत होतो. बोलता बोलता तिने मला एका यहुदी धर्मगुरूबद्दल सांगितलं. तो आपल्या शिष्यांना शेतात पाठवायचा. एकट्याने जा आणि तिथे देवाशी स्वतःच्या भाषेत बोला, असं सांगायचा. कोकणातल्या बेने इस्रायलींशी त्याचा काही संबंध नाही. तो पार युक्रेनमधला आणि दोनशे वर्षांपूर्वीचा. पण परत गेल्यावर तिने मला त्याच्यावरचं एक इंग्रजी पुस्तक पाठवलं. माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, त्यातही विषय मराठी. शब्दकोश जवळ घेऊन मी ते पुस्तक दोन महिन्यांत वाचलं. मग मिळेल ते आणखी वाचलं. त्या माणसाचं आयुष्य आज तुम्हाला सांगावंसं वाटतंय. त्याची शिकवण मला पटली. त्याचं वागणं मात्र सगळं पटलं नाही. दोन्ही सांगणार आहे.

त्याचं नाव रब्बी नाखमान. यहुदी जगात तो ब्रेस्लोवचा नाखमान म्हणून ओळखला जातो. जन्म ४ एप्रिल १७७२ चा, मेजिबोझ नावाच्या छोट्या गावातला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. तेव्हा तिथे पोलंडचं राज्य होतं, १७९३ मध्ये रशियाचं आलं. मुलगा जन्मला तो मोठ्या घराण्यात. आई फैगा ही बाल शेम तोव यांची नात, म्हणजे त्यांची मुलगी ओदेल हिची मुलगी. बाल शेम तोव कोण? तर हसिदी पंथाचे प्रवर्तक. त्या काळी यहुदी समाजात विद्वानाला मान होता. ज्याला ग्रंथ वाचता येतात तो मोठा, गाडीवान आणि दूधवाला छोटे. बाल शेम तोव यांनी सांगितलं की देवाविना रिकामी अशी जागाच नाही. झाडात, दगडात, गुराढोरांत, अडाण्याच्या साध्या हाकेतही तो आहे. आणि त्याला भेटायचं तर आनंदाने.

ते स्वतः पोरके वाढले. तरुणपणी बायकोसह कार्पेथियन डोंगरात जाऊन राहिले. असं सांगतात की ते डोंगरातली माती खणत आणि त्यांची बायको ती गाडीत घालून गावात विकून येई. उरलेला वेळ ते रानात एकटे काढत. पुढे १७६० मध्ये मेजिबोझलाच ते वारले. म्हणजे नाखमान जन्मला तेव्हा पणजोबांना जाऊन बारा वर्षं झाली होती. पण गावात त्यांची समाधी होती आणि घरात त्यांच्या गोष्टी होत्या.

अशा घरात जन्मायचं म्हणजे मुलावर केवढं ओझं! सगळे त्याच्याकडे पणजोबांचा वारस म्हणून बघत. आणि या पोराला स्वतःला मात्र वाटे, देव आपल्यापासून फार लांब आहे, आपली हाक पोहोचतच नाही. लहान वयात त्याने स्वतःचे काय हाल केले ते वाचून आईच्या पोटात कालवतं. चवीची ओढ लागू नये म्हणून तो घास न चावता गिळायचा, इतका की गळा सुजायचा. रात्री उठून पणजोबांच्या समाधीवर जायचा. घराच्या माळ्यावर गवत-चारा ठेवायची एक जागा होती, तिथे लपून स्तोत्रं म्हणत बसायचा. घरच्यांना वाटे, पोरगं खेळतंय कुठेतरी. सगळ्यांसमोर तो मुद्दाम उनाडपणा करायचा, आतलं कुणाला दिसू द्यायचा नाही.

तेराव्या वर्षी त्याचं लग्न झालं. त्या काळी तीच रीत होती. बायकोचं नाव सोसिया. तिचे वडील खेडेगावातले, चांगल्या परिस्थितीतले. स्मिला गावाजवळ उस्यातिन नावाच्या गावात हे जोडपं त्यांच्याकडेच राहिलं. आपल्या भाषेत नाखमान घरजावई झाला म्हणा ना. आणि इथेच त्याच्या आयुष्याला वळण लागलं. मेजिबोझ म्हणजे गजबजलेलं गाव. उस्यातिनला मात्र चहूकडे शेतं, रान, आणि वेताच्या बेटांतून वाहणारं नदीचं पाणी.

हा तेरा-चौदा वर्षांचा जावई सासऱ्यांचा घोडा घेऊन रानात जायचा. घोडा झाडाला बांधायचा आणि स्वतः आत चालत जायचा. कधी घोडा दावं तोडून एकटाच घरी परत यायचा. मग सासरी सगळ्यांचा जीव टांगणीला, मुलगा पडला की काय म्हणून. संध्याकाळी हा आपला पायी पायी परत! कधी तो छोटी होडी घेऊन वेताच्या पलीकडे दिसेनासा व्हायचा. होडी चालवायला नीट येत नव्हती. पाण्याने होडी गरगर फिरायला लागली, काठ दिसेना, की जीव तोडून देवाला हाक मारायचा. पुढे शिष्यांना तो हेच उदाहरण द्यायचा. बुडणाऱ्या माणसाची हाक कशी असते ते मला होडीत कळलं, मनातून तशी हाक यायला हवी, असा त्याचा भाव. बऱ्याच वर्षांनी पुन्हा त्या भागातून जाताना त्याने बरोबरच्या माणसांना ती शेतं दाखवली. इथे पावलोपावली मला नंदनवनाची चव लागायची, इथे मी किती सुखात होतो, असं तो हळहळून सांगत होता.

या रानातल्या एकट्या बोलण्यातून त्याची मुख्य शिकवण तयार झाली. हिब्रूत तिला हिथबोददुथ म्हणतात, म्हणजे एकांतात बसणं. यात अवघड असं काही नाही. दिवसातून एक तास काढायचा. शक्यतो रात्री, माणसांची ये-जा नसेल अशा जागी, शेतात किंवा रानात जायचं. आणि देवाशी बोलायचं, जिवलग मैत्रिणीशी बोलावं तसं. पोथीतल्या भाषेत नाही, आपल्या घरच्या भाषेत. तिथल्या यहुद्यांची प्रार्थनेची भाषा हिब्रू आणि बोलायची यिडिश. नाखमानचं म्हणणं, हिब्रू पवित्र खरी, पण मन मोकळं होतं ते यिडिशमध्ये. शब्द सुचले नाहीत तर एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणा. तोही सुचला नाही तर नुसते उभे राहा. बोलायची इच्छा झाली, हेही बोलणंच आहे.

आणि मागायचं काय? मोठमोठ्या गोष्टीच मागायला हव्यात असं नाही. अंगातला कपडा फाटलाय, नवा हवाय, तर तेही देवाला सांगा, असं तो म्हणे. एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला काय त्रास द्यायचा, असं वाटून घ्यायचं नाही. मैत्रिणींनो, हे वाचलं तेव्हा मला आमची आई आठवली. तुळशीला पाणी घालताना ती पुटपुटत असे. मी कान देऊन ऐकलं होतं एकदा. ती तुळशीला सांगत होती की धाकट्याचा युनिफॉर्म उसवलाय आणि पगाराला अजून आठ दिवस आहेत. कॉलेजात जायला लागल्यावर मला त्याची लाज वाटायची. आता वाटतं, तिला कुणी न शिकवता ते येत होतं.

पण शेतातच का जायचं? घरात देव नाही का? यावर नाखमानने जे सांगितलं ते मला फार आवडलं. तोरात, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथात, एक प्रसंग आहे. पूर्वज इसहाक संध्याकाळच्या वेळी शेतात जातो. तिथे प्रार्थनेसाठी जो शब्द आहे, तो हिब्रूतल्या झुडपाच्या शब्दासारखाच आहे. सियाख म्हणजे रानातलं झुडूप आणि सियाख म्हणजेच बोलणं. नाखमानने त्याचा अर्थ लावला की माणूस शेतात बोलतो तेव्हा तिथलं गवत आणि झुडपं त्याच्या बोलण्यात मिसळतात, त्याच्या प्रार्थनेला बळ देतात. तो एकटा नसतोच मुळी. आणखी एक गोष्ट तो सांगे. प्रत्येक गवताची आपली अशी चाल असते. गुराखी ज्या कुरणात गुरं चारतो, तिथल्या गवताच्या चालींमधून त्याचं गाणं तयार होतं. म्हणून प्रत्येक रानातल्या गुराख्याचं गाणं वेगळं. हिवाळ्यात बर्फाखाली सगळं मेल्यासारखं पडतं. उन्हाळ्याच्या तोंडावर ते जागं होतं, तेव्हा बाहेर पडा, तेव्हाची प्रार्थना पोहोचते, असं त्याचं सांगणं.

हे काही त्याच्या एकट्याच्या मनातलं नव्हतं. यहुदी धर्मात झाडापेरांचा विचार जुना आहे. शत्रूच्या गावाला वेढा घातला तरी फळझाडं तोडायची नाहीत, असा तोरात नियमच आहे. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, तिलाही विश्रांती द्यायची. वसंतात फळझाडांना मोहर दिसला की म्हणायची वेगळी प्रार्थना आहे. झाडांचं नवं वर्ष म्हणून एक सणही आहे, तू बिश्वाथ. आपल्याकडचे बेने इस्रायली त्या दिवशी मलिदा करतात. मला हसू यायचं ते केळ्याचं गणित याच मोठ्या विचाराचा तुकडा होता, हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

नाखमानची एक आठवण सांगतात. प्रवासात तो एका मुक्कामी झोपला होता आणि मध्यरात्री ओरडत उठला. स्वप्नात त्याच्या भोवती प्रेतं पडलेली होती. चौकशी केली तर कळलं, ते घर कोवळी झाडं वेळेआधी तोडून बांधलेलं होतं. अकाली तोडलेलं झाड म्हणजे घेतलेला जीव, असं त्याने तेव्हा सांगितलं. गोष्ट खरी किती आणि शिष्यांच्या भक्तीतली किती, कोण जाणे. पण आमच्या गावाबाहेरचा रस्ता रुंद करताना चिंचा तोडल्या, त्या रात्री मलाही झोप लागली नव्हती.

आता मला न पटलेली बाजू. सासूबाई वारल्या, सासऱ्यांनी दुसरं लग्न केलं, आणि नाखमान-सोसियाला ते घर सोडावं लागलं. ती दोघं मेदवेदिव्का गावी गेली. तिथे लोक नाखमानभोवती जमू लागले, तो रब्बी झाला. मुली झाल्या. आणि १७९८ मध्ये त्याने अचानक ठरवलं की आपण पवित्र भूमीला, म्हणजे आजच्या इस्रायलला जायचं. हातात पैसा नाही, घरात लहान मुली. सोसियाने मुलीला बापाकडे पाठवलं, आमचं पोट कोण भरणार हे विचारायला. बापाने उत्तर दिलं की तू सासरी जा. तुझ्या बहिणीला कुणी कामाला ठेवील. धाकटीला कुणी दयेपोटी घेऊन जाईल. तुझी आई स्वयंपाकीण होईल. आणि घरात आहे ते मी प्रवासखर्चासाठी विकणार आहे. घरात रडारड झाली, पण तो गेला.

हे पान मी मिटून ठेवलं होतं. चार दिवस उघडलंच नाही. आपल्याकडेही तुकोबा डोंगरावर जाऊन बसत आणि आवली भाकरी घेऊन त्यांना शोधत फिरे. आपण अभंग तुकोबांचे वाचतो. आवलीला कजाग म्हणून मोकळे होतो. सोसियाबद्दल तर तेवढंही कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्या वर्षभरात तिने मुलींना काय खाऊ घातलं, कुणाकडे हात पसरला, याची नोंद मला कुठे सापडली नाही. देवाशी मोकळं बोलायला एक तास हवा, हे खरं. पण त्या तासात चूल कोण सांभाळतंय, हेही विचारायला हवं ना?

तो प्रवासही विचित्रच झाला. बरोबर शिमोन नावाचा शिष्य होता, नाखमानच्या लग्नाच्या दिवशीच त्याला भेटलेला पहिला अनुयायी. इस्तंबूलमध्ये नाखमान आपण कोण ते कुणाला सांगेना. रस्त्यावरच्या पोरांबरोबर लढाईचे खेळ खेळायचा, लोकांच्या शिव्या खायचा. मोठेपण गळून पडल्याशिवाय त्या भूमीवर पाय ठेवता येणार नाही, अशी त्याची समजूत. सप्टेंबर १७९८ मध्ये, यहुदी नववर्षाच्या आदल्या दिवशी, ते हैफाला उतरले. आणि चार हात चालल्यावर नाखमानला वाटलं, ज्यासाठी आलो ते मिळालं. लगेच परत फिरायचा विचार! शिमोनने समजावून थांबवलं. मग ते तिबेरियासला राहिले. त्याचे आजोबा, वडिलांचे वडील, तिथे पुरलेले होते. तेवढ्यात नेपोलियनची फौज आली. पळापळीत १७९९ मध्ये हे दोघे अक्कोच्या बंदरात चुकून तुर्की लढाऊ जहाजावर चढले. गुलाम म्हणून विकले जायची वेळ आली होती. ऱ्होड्स बेटावरच्या यहुद्यांनी खंडणी भरून त्यांना सोडवलं.

परत आल्यावरही शांतता नव्हती. १८०० मध्ये तो झ्लातोपोलला गेला, तिथे एका वृद्ध आणि लोकप्रिय हसिदी गुरूने त्याच्याविरुद्ध रान उठवलं. १८०२ मध्ये तो ब्रेस्लोवला आला. तिथे त्याला नाथान भेटला, जवळच्या नेमिरोव गावातला बावीस वर्षांचा शिकलेला तरुण. नाथानच्या घरच्यांचा कडाडून विरोध होता. पण तो आला आणि त्याने लेखणी उचलली. नाखमान बोलायचा आणि नाथान लिहायचा. आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बहुतेक त्याच्यामुळे. १८०८ मध्ये प्रवचनांचं पहिलं पुस्तक छापलं गेलं.

घरात मात्र एकामागून एक घाव बसत होते. सोसियाला एकूण आठ मुलं झाली. दोन मुली तान्ह्या असतानाच गेल्या. दोन्ही मुलगेही दीड वर्षाचे व्हायच्या आत गेले. त्यातला श्लोमो एफ्राईम १८०६ मध्ये गेला. त्याच्यावर बापाने फार आशा ठेवली होती. त्याच वर्षी नाखमानने गोष्टी सांगायला सुरुवात केली. हरवलेली राजकन्या, सात भिकारी, अशा परीकथेसारख्या गोष्टी. प्रवचनाने माणसं जागी होत नाहीत, गोष्टीने झाली तर बघू, असा त्यामागचा विचार. १८१५ मध्ये त्या हिब्रू आणि यिडिश अशा दोन्ही भाषांत छापल्या गेल्या. यिडिश का? तर बायकांना आणि साध्या लोकांना वाचता याव्यात म्हणून. कारण हिब्रू शिकवायचे ते मुलग्यांना.

१८०७ च्या जून महिन्यात सोसिया क्षयाने गेली. नाखमानने थोड्याच काळात दुसरं लग्न केलं, आणि त्याच उन्हाळ्यात त्यालाही खोकला सुरू झाला. क्षयच. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. लेंबर्ग शहरात राहून त्याने महिनोन्‌महिने वैद्यांचे उपचार घेतले, उपयोग झाला नाही. मे १८१० मध्ये ब्रेस्लोवला आग लागून घर जळालं. मग तो उमानला गेला. १७६८ च्या कत्तलीत तिथे हजारो यहुदी मारले गेले होते. त्यांच्या शेजारी आपल्याला पुरावं, अशी त्याची इच्छा होती. राहायला घर मिळालं त्याच्या खिडकीतून बाग दिसे आणि पलीकडे ते कब्रस्तान.

याच खोलीत, रक्त ओकत असताना, त्याने जमलेल्या लोकांना सांगितलं की निराशेला जगात जागाच नाही, हरून जाऊ नका. हे सांगणारा माणूस आयुष्यभर उदासीशी झगडत आला होता, हे लक्षात घ्या. सुखात बसलेल्याने दिलेला तो उपदेश नव्हता. माणसात, अगदी वाईट माणसातही, एखादी तरी चांगली गोष्ट शोधा, असं तो शिकवत असे. आणि पुढे म्हणे, स्वतःतही शोधा. एक सापडली की दुसरी शोधा. तेवढ्याने माणूस उभा राहतो.

१६ ऑक्टोबर १८१० ला तो गेला. वय अवघं अडतीस. सुक्कोथचा सण चालू होता. या सणात यहुदी लोक फांद्यांनी शाकारलेल्या मांडवात राहतात, वरच्या फटींतून रात्री चांदण्या दिसतात. त्याच्या मागे त्याच्या गादीवर दुसरा कुणी बसला नाही. शिष्यांनी आजवर दुसरा गुरू केलेला नाही. दरवर्षी रोश हशानाला, म्हणजे नववर्षाला, ते उमानला जमतात. सोव्हिएत काळात हातावर मोजण्याइतके लोक लपतछपत जात. १९८९ नंतर वाट मोकळी झाली आणि हजारो जाऊ लागले. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तरी थांबले नाहीत. जाणारे बहुतेक पुरुष असतात. बायका सणाला मुलांना घेऊन घरी. आजींच्या नातीने हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. सोसियाचं काम अजून चालूच आहे म्हणायचं!

मग मी त्याचं आयुष्य तुम्हाला का सांगतेय? सांगते. पाच वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. हो, तोच, ज्याचा युनिफॉर्म उसवला होता. माहेरी आई कोसळलेली, वहिनी सुन्न, तिची मुलं लहान. सगळ्यांना धीर द्यायचं काम माझ्याकडे आलं. समाजकार्य करणारी ना मी, मला बोलता येतं असं सगळ्यांना वाटतं. महिनाभर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. एके दिवशी संध्याकाळी माहेरच्या वाडीत शिपणं बघायला गेले होते. पोफळींमध्ये कुणी नव्हतं. मी बोलायला लागले. कुणाशी, ते मलाही ठाऊक नाही. भावाशी, देवाशी, की त्या पोफळींशी. खूप भांडले. शेवटी रडले. घरी आले तेव्हा काळोख झाला होता आणि मला भूक लागली होती. महिन्याभरात पहिल्यांदा. हे मी कुणाला सांगितलं नाही, वेड लागलं म्हणतील म्हणून. नाखमानचं पुस्तक वाचताना कळलं की याला नाव आहे, आणि एका माणसाने हे रोज करायला सांगितलं होतं.

मी ज्या समुपदेशन केंद्रात जाते, तिथे येणाऱ्या बायकांचं पहिलं वाक्य बहुतेक एकच असतं, बोलायला जागा नाही. नवरा ऐकत नाही. माहेरी सांगितलं तर त्यांना घोर. शेजारणीला सांगितलं तर गावभर. मारहाण असेल, छळ असेल, तर त्याला कायदा आहे, पोलीस आहेत. तिथे झाडाशी बोलून भागणार नाही, हे मी ठासून सांगते. पण त्याआधी आपल्याला काय दुखतंय हे स्वतःच्या तोंडून स्वतःला ऐकू यावं लागतं. त्याशिवाय तक्रार तरी कशी लिहिणार?

आमच्या बचत गटात मी हा प्रयोग करून पाहिला. महिन्याच्या बैठकीनंतर आम्ही एकीच्या वाडीत जातो. तास परवडत नाही, पाव तास. प्रत्येकीने वेगळं झाड गाठायचं आणि हळू आवाजात बोलायचं. कुणी कुणाचं ऐकायचं नाही. पहिल्या वेळी सगळ्या नुसत्या हसत होत्या. एकीने नंतर कबूल केलं की तिला सिलिंडर संपत आल्याशिवाय दुसरं काही सुचलंच नाही. मी म्हटलं, नाखमानला ते चाललं असतं. फाटका कपडा चालतो तर सिलिंडर का नाही? दुसरी कधीच काही बोलत नाही. ती पाव तास आंब्याच्या खोडाला हात लावून उभी असते. पण एकही महिना चुकवत नाही.

ज्यांना वाडी नाही, रानात एकटं जायची भीती वाटते, त्यांचं काय? तो विचारही नाखमानने केला होता. शेत नसेल तर रिकामी खोली बघा, तीही नसेल तर रात्री अंथरुणात डोक्यावरून पांघरूण ओढून बोला, असं त्याने सांगून ठेवलंय. तेवढी जागा तर आपल्या सगळ्यांकडे आहे. पण जमलं तर गवताजवळ जा. पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे भिंतीवरसुद्धा उगवतं ते.

आणि घरातल्या पुरुषांना एक विनंती. ती उठून वाडीत गेली, तर पाव तास चुलीवरचं दूध तुम्ही बघा.